कळस दिसला की थांब

आमच्या तलावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर गोंदियाहून दर रविवारी आणखी गाड्या येतील, आणि पाळीखालच्या भजेवाल्याला आत्ताच मान वर करायला फुरसत नसते. सडक अर्जुनीपासून फार लांब नाही आणि वारा इकडचा असला तर सौंदडच्या गाडीचा भोंगा ऐकू येतो, एवढ्यावर भागवून घ्या.

शाळेत मी भूगोल शिकवते. फळ्यावर तलाव काढायचा झाला की हात आपोआप हाच तलाव काढतो. तीन बाजूंनी पहाड्या, चौथ्या बाजूला माणसांनी माती वाहून घातलेली पाळ. दोन पहाड्यांच्या मधल्या खिंडीतून एक नाला येतो आणि येताना रेती घेऊन येतो. पाळीत खाली तुडूम आहे, म्हणजे शेतात पाणी सोडायचं दगडी दार. त्याच्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, थेट डांबरी रस्त्यापर्यंत. ज्यांनी ही जागा निवडली त्यांच्याकडे नकाशा नव्हता, लेव्हल नव्हती, आणि तरी पहाडीवर पडलेलं पाणी वाट चुकत नाही. इतक्या वर्षांत मला या आखणीत एकही चूक सापडलेली नाही. शोधली नाही असं नाही, कारण चुका शोधायचा मला पगार मिळतो.

पाळीवर मोहाची झाडं आहेत. त्यांच्या सावलीत उभं राहिलं की पाणी आधी हिरवट दिसतं, मग मधे निळं, आणि पहाडीच्या पायथ्याशी जवळजवळ काळं. हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात आणि काठाकाठानं पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. शिंगाड्याच्या वेलांवरून लांब बोटांचे पक्षी चालतात तेव्हा माझ्या वर्गातली मुलं शपथेवर सांगतात की ते पाण्यावर चालतात, आणि मी ती समजूत लगेच मोडत नाही. आता पायऱ्यांजवळ पॅडलच्या बोटी आल्या आहेत, बदकाच्या आकाराच्या, पिवळ्या चोचीच्या. खऱ्या बदकांना त्यांचं काय वाटतं कोण जाणे. रविवारी माणसं नारिंगी जाकिटं घालून पाय मारत बसतात, फोटो काढतात, भजी खातात आणि कुरकुऱ्यांची पाकिटं टाकून जातात. पाकिटं टाकणाऱ्यांना मी मोठ्यानं बोलते. नवरा म्हणतो, तुला तलावाची सरपंच केली पाहिजे. पण खरं सांगते, आठवडाभर गोदामात पोती उचलणारा माणूस आपल्या बायकोला बदकात बसवून आरामात फिरवतो ते पाहायला मला आवडतं. पाण्यावर गेलं की माणसांचे आवाज उतरतात. बाजारात एकमेकांवर ओरडणारी जोडपी इथे हळू बोलतात.

हा झाला भरलेला तलाव. पण आमच्या घरानं तो पोटातूनही पाहिलेला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा उन्हाळ्यात पाणी उतरून पार मधे जायचं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गावातली काही घरं डांगरवाडी लावायची. टरबूज, डांगर, काकडी, वाल. आमची वाडी नाल्यानं आणून टाकलेल्या रेतीवर होती, सगळ्यांत आत. सासूबाई ती एकट्या सांभाळायच्या. वाडीच्या वरच्या टोकाला एक काळा, बसका दगड होता, पाटाएवढा. तो वाडीचा देव. त्याला शेंदूर नव्हता की छप्पर नव्हतं. वर्षातून फार तर दोन-तीन महिने त्याला ऊन लागायचं, बाकी वेळ तो पाण्याखाली. त्याच्याशी व्यवहार एकच, पहिलं टरबूज त्याच्यावर फोडायचं आणि त्या वेळी वाडीत जो कोणी असेल त्याला फोड द्यायची. मग तो शेजारचा असो, वाटेनं जाणारा असो की भांडण असलेला असो.

तलावाच्या पोटात रस्ता नसतो. सगळीकडे तडकलेली जमीन, त्यावर मेलेल्या शिंपल्या, आणि सकाळी अंधुक उजेडात सगळं सारखंच दिसतं. म्हणून घरात एक खूण ठरलेली होती. पाठ गावातल्या देवळाकडे करायची, तोंड खिंडीकडे, आणि चालत सुटायचं. अधूनमधून मागे वळून बघायचं. पाळीच्या पायथ्याशी असताना मागे फक्त पाळ दिसते. आत आत जावं तसं पाळीच्या पलीकडचं देऊळ वर येऊ लागतं, आणि त्याचा कळस पाळीवरून दिसला की थांबायचं. आमची वाडी तिथेच. मी नवी होते तेव्हा सासूबाईंनी मला हे एकदाच सांगितलं, “कळस दिसला का थांब,” आणि डोक्यावर पाण्याची घागर देऊन पाठवलं.

पुढे पाळ दुरुस्त झाली, तुडमाचं दार नवं बसलं आणि उन्हाळ्यातही पाणी राखून ठेवायला सुरुवात झाली. मासे वाढले, बोटी आल्या, खालच्या शेतकऱ्यांना दुसऱ्या धानाला पाणी मिळालं. यात रडण्यासारखं काही नाही. आमच्याही बांध्या त्याच पाण्यावर आहेत. फक्त वाडी गेली, आणि तो दगड कायमचा खाली राहिला. सासूबाईंनी तलावाचा गाळ टोपल्यांनी आणून परसात विहिरीजवळ टाकला आणि तिथे दरवर्षी टरबुजाचा एक वेल लावू लागल्या. फळं कधी धड लागायची नाहीत. लागलीच तर उंदीर खायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळ घालवू नका, काढून टाकू, आणि काढल्यावरच कळेल ती कसली आहे. तारीख मिळाली. आम्ही घरी आलो, पिशव्या भरल्या, आणि सासूबाई म्हणाल्या, “मी नाई येत.”

“कायले?” माझ्या नवऱ्यानं विचारलं.

“वाडीच्या देवाले बोललो आहो. ते केल्याबिगर मी टेबलावर झोपत नाई. वापस नाई आली तं राहून जाईन न थे.”

काय बोलल्या होत्या, कशासाठी बोलल्या होत्या, ते सांगायला तयार नाहीत. नवस सांगायचा नसतो म्हणे. बरं, देव पाण्याखाली. आणि टरबूज? तर परसातल्या वेलाला त्या वर्षी एक फळ धरलेलं होतं, मुठीएवढं. त्यांनी त्याच्यावर फुटकी टोपली उलटी झाकली, टोपलीवर दगड ठेवला आणि सांगून टाकलं, “हे पिकू दे. मंग येतो म्हणून सांग डाक्टरले.”

नवऱ्यानं दवाखान्यात फोन लावला आणि घरात कार्य आहे म्हणून सांगितलं. टरबूज पिकायचं आहे असं सांगायची त्याची छाती झाली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात तीन मोठी माणसं एका फळाकडे बघत जगू लागली. सकाळी उठलं की मी आधी टोपली उचलून बघायची. मी नवससायास मानणारी नाही, उपास मला सोसत नाही आणि देवळात मी चपला सांभाळायला थांबते. पण सासूबाईंचा चेहरा दिवसेंदिवस ओढत चालला होता, रात्री त्या पोट धरून कुशी बदलायच्या, आणि मला भीती वाटत होती. त्या फळाचा मला इतका राग यायचा की पाणी घालताना मी त्याच्याशी भांडायची.

देठाजवळचा आकडा, म्हणजे वेलाचा वळलेला दोरा, वाळला की फळ पिकलं; तो वाळला त्या दिवशी सासूबाईंनी बोटानं टरबूज वाजवून बघितलं आणि म्हणाल्या, “चला.”

पायऱ्यांवर पहिला अडथळा आला तो बोटीचा. बोटीवाल्यानं आजारी बाई म्हणून अदबीनं सगळ्यांत चांगलं पिवळ्या चोचीचं बदक पुढे आणलं. सासूबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मी ह्याच्या पोटात बसून देवाले जाऊ का?”

शेवटी गावातल्या एका ढीवराची मासेमारीची पत्र्याची नाव मिळाली. तो माझ्या नवऱ्याचा लहानपणचा सोबती. त्यानं जाकीट मात्र सोडलं नाही. लुगड्यावर नारिंगी जाकीट, पदर जाकिटाच्या आत की बाहेर यावर थोडा वाद, मांडीवर टरबूज. मी समोर बसले. नवऱ्याला पाण्यावर चक्कर येते म्हणून तो पायऱ्यांवर राहिला आणि तिथून नाव चालवणाऱ्याला ओरडून सांगू लागला, “खिंडीकडं तोंड धर. अन् कळस दिसला का थांब.”

नाव जरा सरकली असेल नसेल, सासूबाई मागे वळल्या आणि म्हणाल्या, “थांब. दिसला कळस.”

नाववाला हसला. “काकू, आपन आत्ताच तं निघालो. तुमच्या पोराच्या अंगावर अजून वल्ह्याचं पानी पडून राहिलं.”

खरंच, नवरा ओल्या पँटनं शेवटच्या पायरीवर उभा होता, आणि त्याच्या डोक्यावरून, पाळीच्या वर, कळसच काय, अर्धं देऊळ दिसत होतं. सासूबाईंनी पुन्हा पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे. आपलं काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं, पण काय ते कळेना. जन्मभर ज्या खुणेनं पाऊल टाकलं ती खूण समोर होती आणि जागा नव्हती. “दिसून तं राहिला,” त्या दोनदा म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. टरबूज त्यांनी पोटाशी घट्ट धरलं, नेमकं जिथे दुखायचं तिथे.

तेव्हा मला उलगडलं. काठावरून नवऱ्यानंही तेच सांगितलं होतं, मीही मनात तेच धरून बसले होते. आमच्या घरातलं कोणीही आलं असतं तरी हेच म्हणालं असतं. कारण आम्ही सगळे तलावाच्या तळावरून चाललेलो होतो, तलावावर कोणीच कधी बसलेलं नव्हतं.

“आई,” मी म्हणाले, “तेव्हा आपण खाली होतो. पाळ आपल्याहून केवढी उंच होती, आठवा. आता पाणी वर आलं, आणि पाण्यासोबत आपणही वर आलो. इथून कळस कुठूनही दिसेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नावेच्या काठावरून वाकून खाली बघितलं. “म्हंजे आपन आपल्या डोक्यावरून चालून राहिलो,” त्या म्हणाल्या. भूगोलाच्या पुस्तकात हे इतकं सोपं लिहिलेलं नाही.

मग एकच गोष्ट हातात उरली, दिशा. पाठ देवळाकडे, तोंड खिंडीकडे. नाववाला सरळ रेषेत वल्हवत गेला आणि थांबत थांबत लांब बांबू तळाला लावून बघू लागला. पाण्याच्या मधोमध आलो तसं माझं लक्ष नवसावरून उडालं, हे कबूल करायला हवं. मी हा तलाव हजार वेळा काठावरून पाहिला आहे, पण मधून बघितलेला तलाव निराळाच. तिन्ही पहाड्या जवळ सरकून बसल्या होत्या. उन्हाळा लागत आलेला, पळस फुललेला, आणि त्याची लाली पायथ्याच्या काळ्या पाण्यात उतरलेली. भज्यांचा वास नाही, गाणी नाहीत. एक बगळा आमच्याकडे न बघता गेला. सासूबाईही बघत होत्या. ज्या बाईनं या तलावात कपडे धुतले, म्हशी धुतल्या, पोरांना आंघोळी घातल्या, आणि त्याच्या पोटात टरबुजं पिकवली, ती आज पहिल्यांदा त्याच्यावर बसली होती.

“गाव किती बारीक दिसते,” त्या म्हणाल्या.

नाववाला बांबू टेकवत होता. “गाळ. गाळच. अजून गाळ.” मग एकदा बांबू आत गेला नाही. “इथं रेती लागली, काकू.”

सासूबाई ताठ झाल्या. “रेती आपल्याच वाडीत होती. बाकी सारा गाळ. वरच्या टोकाले घे, खिंडीच्या अंगाला. हळू.”

रेती, रेती, आणि मग टक्. तो आवाज आमच्यापर्यंत पाण्यातून नाही, बांबूतून आला. सासूबाईंनी हात पुढे केला. नाववाल्यानं बांबू त्यांच्या हातात दिला आणि स्वतः नाव धरून ठेवली. त्यांनी दगडाची एक कड चाचपली, मग दुसरी, आणि पाटाएवढाच आहे याची खात्री करून घेतली. मग दोन्ही हातांनी बांबू धरून त्यावर कपाळ टेकलं. मला रडू आलं. कशासाठी ते माहीत नव्हतं, पण आलं.

टरबूज दगडावर फोडता येणार नव्हतं आणि पाण्यात सोडलं असतं तर तरंगत गेलं असतं. सासूबाईंनी ते बांबूच्या वरच्या टोकावर आपटलं. खालचं टोक देवावर होतं, म्हणजे पोचलं, असा त्यांचा हिशेब. फळ लहान, पण आतून असं लाल की नाववालाही वा म्हणाला. एक फोड पाण्यात. एक त्याला. एक मला. तेवढ्यात पिवळ्या चोचीचं एक बदक हेलकावे खात आमच्या बाजूनं आलं, आत गोंदियाचं एक जोडपं, पाय मारून मारून घामाघूम.

“अम्मा, ये कौन सी पूजा है?” त्यातल्या बाईनं विचारलं.

“पूजा नाई बाई, टरबूज है. लो,” सासूबाई म्हणाल्या आणि हात लांब केला. नियम नियम असतो, जो वाडीत असेल त्याला फोड द्यायची. त्या दोघांनी बदकात बसून टरबूज खाल्लं. बिया कुठे टाकाव्या म्हणून बाई इकडेतिकडे बघू लागली तेव्हा मी जरा कडक आवाजात सांगितलं की बिया पाण्यात चालतील, पाकिटं नाही, हा आमचा तलाव आहे. त्यांनी निमूटपणे मान हलवली.

बदक गेलं तशा सासूबाई हसायला लागल्या. पोट धरून, दुखत असताना हसत होत्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“‘आमचा तलाव’ म्हणते! हेच बोललो होतो मी देवाले. आता फिटलं, आता सांगतो.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तू तिरोड्याहून आली, अन् सालभर धड जेवली नाई. सांजच्या वक्ताले पाळीवर उभी राहून रस्त्याकडं पाहे. तिथं तुमच्याकडं लाइट, रेल्वे, इथं काय, पानी अन् पहाडी. मले वाटलं, हे पोरगी जाते आता. म्हणून देवाले बोललो, हिले इथलं गोड लागू दे, हिच्या नावाचं एक टरबूज निराळं फोडीन तुह्यावर.”

“मग इतकी वर्षं फेडलं का नाही? वाडी होती तेव्हा चालत गेला असता.”

“काऊन म्हंजे? तू गोड मानशीन तवा ना. तूच लय वेळ लावली. तवापर्यंत पानी भरून गेलं.”

नाववाला वल्हं सोडून हसत होता. लग्नानंतरचं ते वर्ष मला आठवतं. संध्याकाळी पाळीवर उभी राहून मी तिरोड्याकडच्या आभाळात विजेच्या कारखान्याच्या चिमण्या शोधायची, आणि मनातलं कोणाला दिसत नाही असं समजायची. आता माहेरी गेले की दुसऱ्या दिवशी चुटपुट लागते, पाणी किती उतरलं असेल, बदकं आली असतील का. हे कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी मात्र पाळत ठेवली होती.

परत येताना त्यांनी पाण्यात हात सोडला होता. पायऱ्यांवर उतरल्यावर जाकीट काढून दिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “कर फोन डाक्टरले.”

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना आत नेलं आणि दार लागलं. बाहेर बाकावर नवरा खाली मान घालून बसला होता. मी खिडकीशी उभी होते. खाली रस्ता, गाड्या, एक कोरडं कारंजं. मी मनात काय बोलले ते तिथे कोणाला ऐकू गेलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

गाठ साधी निघाली. सासूबाई घरी आल्या त्या आधी पाळीवर चढल्या, मग घरात शिरल्या. आता बऱ्या आहेत, पूर्वीइतक्याच बोलतात. या हिवाळ्याच्या शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी विहिरीजवळ आळं करत होते. गेल्या वर्षीच्या त्या टरबुजाच्या चार बिया मी पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. सासूबाई ओट्यावर बसून माझं सगळं चुकतंय हे सांगत होत्या, आळं खोल झालं, गाळ कमी पडला, बी उलटं ठेवलं. मग एकदम थांबल्या.

“तू काऊन लावून राहिली वेल? तुले तं टरबूज आवडत नाई.”

“असंच,” मी म्हणाले. “खायला.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी मातीतून हात काढले नाहीत.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मंग पहिलं फळ खाऊ नोको.”